खाडीची आवक-जावक

आवक रजिस्टरमध्ये जे चढले नाही, ते कचेरीत आलेच नाही, असा कारकुनीचा पहिला नियम आहे. अर्जदार चार तास रांगेत उभा राहिला असेल, पण कागदावर क्रमांक आणि तारीख नसेल तर त्याचे म्हणणे कुणी ऐकत नाही. खाडीवरच्या पक्ष्यांचेही तसेच आहे.

चेंबूरहून माहुलच्या धक्क्यावर गेले की एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या आणि दुसऱ्या बाजूला चिखलात उभे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो दिसतात. 1990 च्या दशकापासून ते इकडे मोठ्या संख्येने येऊ लागले. 2015 साली ठाणे खाडीत त्यांचे अभयारण्य झाले आणि 2022 साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली. कुणीतरी वर्षानुवर्षे मोजून लिहून ठेवले, म्हणूनच हे झाले.

आम्ही वस्तीतल्या मुलांना घेऊन रविवारी तिथे जातो. वेळ भरतीवरून ठरवतो. कोळी बांधव तिथीवरून भरती सांगतात, तेच आमचे घड्याळ. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब पांगतात आणि पाणी चढू लागले की काठाकडे सरकतात.

मुलांना आम्ही चोच पाहायला शिकवतो. मोठा रोहित चार-पाच फूट उंच आणि पांढुरका असतो, त्याची चोच गुलाबी आणि टोक काळे असते. छोटा रोहित तीन फुटांच्या आसपास, अंगाने जास्त गुलाबी, आणि त्याची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. एकदा नववीतल्या मुलीने विचारले, "काका, हे राखाडी पक्षी निराळ्या जातीचे का?" आम्ही म्हटले, "आधी वर्णन लिही, नाव मागून." तिने चोचीचा बाक लिहिला, पायांची लांबी लिहिली, आणि स्वतःच म्हणाली, "ही तर ह्यांचीच पिल्लं!" खरेच, गुलाबी रंग अन्नातून येतो आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात.

दुर्मिळ पक्ष्याला मात्र पुरावा जास्त लागतो. समजा, उद्या पाणचिरा दिसला. जगात हा पक्षी थोड्या हजारांतच उरला आहे. दुरून तो सुरयासारखा वाटेल. पण त्याची चोच जाड, नारिंगी, आणि खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. म्हणून फोटो बाजूने घ्यावा, म्हणजे चोचीचे दोन्ही भाग दिसतील. वहीत तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, संख्या आणि पाहणाऱ्यांची नावे लिहावीत. खात्री नसेल तर 'संशयित' लिहावे, त्यात कमीपणा नाही. पायात कडे दिसले तर त्यावरची अक्षरे आणि रंग उतरवून घ्यावेत. ही माहिती 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवता येते. तिने 2022 साली सहा रोहितांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, त्यांतून पक्षी गुजरातकडे जातात हे कळले.

20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला पंतनगर भागात विमानाची धडक बसून जवळजवळ चाळीस रोहित मेले. गल्लीत पडलेले पक्षी प्रथम पाहिले ते तिथल्या रहिवाशांनी. त्यांनी खबर दिली, म्हणून आकडा तरी झाला. नाहीतर सकाळी झाडूवाल्याने ते गोळा केले असते आणि विषय संपला असता.

खाडीत भराव घालणारा नेहमी हेच म्हणतो, की इथे काही नव्हतेच. त्याला उत्तर द्यायला मोठी पदवी लागत नाही. तारीखवार लिहिलेली वही लागते. पाच-पाच वर्षांच्या अशा वह्या वस्त्यावस्त्यांत असल्या, तर 'नव्हतेच' म्हणणे इतके सोपे राहणार नाही. म्हणून वाचकहो, मुलांना एक शंभर पानी वही घेऊन द्या, आणि पहिल्या पानावर रकाने आखून द्या.