रंकाळ्यावरील भिंगपरीक्षा

मंगळवार पेठेंत भिंगाचें कौतुक नवें नाहीं. जयप्रभा स्टुडिओ याच पेठेंतला. आणि त्याच्याही पूर्वीं बाबूराव पेंटरांनीं याच शहरांत चलच्चित्रांचा कॅमेरा घडवून १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. तेव्हां आमच्या पेठेंतील एखादा तरुण पहाटे गळ्यांत कॅमेरा अडकवून बाहेर पडला तर कोणास नवल वाटत नाहीं. नवल वाटतें तें किंमत ऐकून.

आमच्या पुतण्यास पक्षी टिपण्याचा नाद लागून दोन वर्षें झालीं. गेल्या माघांत त्यानें ६०० मिलिमीटरपर्यंत लांबणाऱ्या टेलिफोटो भिंगाची मागणी घरांत मांडली. रक्कम लाखाच्या घरांत. आणि घरांत शिल्लक होती ती मागील सोप्याचीं कौलें चाळून वासे बदलण्यासाठीं राखलेली. वहिनींनीं आदल्या पावसाळ्यांत तीन पातेलीं मांडून तेथलें गळतें पाणी झेललें होतें. “पक्षी कांहीं पळून जात नाहींत,” असें त्या म्हणाल्या. “काकू, पक्षी पळूनच जातात,” असें पुतण्याचें उत्तर. निवाडा आमच्यावर आला. छापील गुणवर्णनावर न जातां दोन भिंगें प्रत्यक्ष पारखावीं, असें आम्हीं ठरविलें. एक तेंच झूम, भाड्यानें आणलेलें. दुसरें कॅननचें ४०० मिलिमीटरचें, एकाच पल्ल्याचें, १९९३ सालीं निघालेल्या घडणीचें. हें वापरलेलें असल्यामुळें किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

टेलिफोटोची युक्ति मोठी चतुर आहे. पुढील फुगीर कांचा किरण एकत्र आणतात व मागील खोलगट कांचा त्यांस पुन्हां लांबवितात; त्यामुळें नळी आंखूड राहूनही पल्ला लांब मिळतो. इंग्लंडांत डॅलमायरनें १८९१ सालीं याचें पेटंट घेतलें. परंतु निरनिराळे रंग कांचेंतून निरनिराळे वळतात, आणि पल्ला वाढतो तसा तो दोषही डोळ्यांत भरतो. तो आवरणारी कांच महाग पडते. किंमतीचा मोठा भाग तिचाच.

प्रथम चौकांतल्या भिंतीस वर्तमानपत्राचें पान चिकटवून, तिपाईवरून, छिद्र पूर्ण उघडें ठेवून दोन्ही भिंगांनीं चित्रें घेतलीं. छिद्र मिटवून कोणतेंही भिंग साधारण सुधारतें. परंतु झाडींतल्या पक्ष्याजवळ तेवढा उजेड नसतो. स्थिर भिंगानें कोपऱ्यांतलीं अक्षरेंही ठसठशीत आलीं. झूमचीं ६०० वर कांहींशीं पुसट होतीं. ५०० वर आणतांच सावरलीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे रंकाळा गांठला. पायींच जावें असा आमचा आग्रह होता. कारण भिंग जें काय करील तें खांद्यावरून वाहून नेल्यावरच करील. झूमचें वजन दोन किलोंच्या वर, स्थिर भिंगाचें सव्वा किलो. रंकाळा शहराच्या पश्चिमेस असल्यामुळें सकाळीं शहराकडील कांठावर सूर्य पाठीशीं येतो व समोरचीं पांखरें उजळतात. संध्याकाळीं तेथेंच तो डोळ्यांवर येतो. पाणकावळे बुड्या मारीत होते आणि पलीकडे चांदव्यांचा थवा तरंगत होता. चांदवा हा भिंगाचा खरा परीक्षक. अंग काळें, कपाळावर पांढरीशुभ्र टिकली. जेथें पांढरें संपून काळें सुरू होतें तेथें उणें भिंग जांभळी किनार सोडतें. झूमच्या चित्रांत ती होती, स्थिर भिंगाच्या चित्रांत शोधूनही सांपडली नाहीं. उलट त्याचीं पहिलीं चित्रें निम्मीं हललेलीं निघालीं, कारण हाताचा कंप आवरण्याची योजना त्या भिंगांत नाहीं. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी झडप जलद केल्यावर पिसें मोजतां येऊं लागलीं. दहाच्या सुमारास ऊन तापून पाण्यावरची हवा थरथरूं लागली, तेव्हां मात्र दोन्ही भिंगें सारखींच हरलीं.

“पण ६०० तें ६००च,” असें पुतण्या म्हणाला. हिशेब सोपा आहे: ६०० चें भिंग तीस पावलांवरून पक्षी जेवढा मोठा दाखवितें, तेवढाच ४०० चें वीस पावलांवरून दाखवितें. तीं दहा पावलें मिळवावयाचीं तर खालीं बसून राहण्याची चिकाटी लागते. इंग्लंडांतील कीर्टन बंधूंनीं १९०० च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यांत दडून पक्ष्यांचीं चित्रें घेतलीं! इतकें करण्याचें कारण नाहीं. आणि घरटें असेल तेथें तीं पावलें टाकूंच नयेत. तेथें ६०० वाल्याचीच सरशी, हें आम्हीं मान्य केलें.

एक परीक्षा बाकी होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यांत कपाटांतील चामडी पेटीसुद्धां हिरवी होते. जुन्या भिंगांत बुरशी धरलेली असेल तर स्वस्ताई महागांत पडावयाची. अंधाऱ्या माजघरांत मागून विजेरी लावून पाहिलें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू कोठेंच नव्हते. तेव्हां व्यवहार ठरला.

उरलेल्या रकमेंत मृगापूर्वीं कौलें चाळून झालीं, वासे मात्र दोनच बदलले. भिंगासाठीं वहिनींनीं पापडांचा घट्ट झांकणाचा डबा रिकामा करून दिला. त्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घातल्या आहेत, आणि पावसाळाभर तो पुतण्याखेरीज कोणी उघडावयाचा नाहीं.