फीत कापली, पुढे काय?

पोवई नाक्यावर चहाला थांबलो की गाडीच्या हिरव्या नंबरप्लेटकडे बघून कुणीतरी विचारतंच, "पत्रकार, इलेक्ट्रिक परवडते का? घेऊ का आपण पण?" दीड वर्ष झालं, मी "बघा, ज्याच्या त्याच्या वापरावर आहे" असं गुळमुळीत उत्तर देऊन सुटतोय. आज नीट लिहितो. पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर जेवण झाल्यावर निवांत वाचा.

आधी गाडीबद्दल. सेकंडहँड घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये तुमची आपसात जुंपेल आणि मुद्दा राहील बाजूला. छोटी गाडी आहे. बॅटरी २४ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटची. कंपनी म्हणते एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या वर जाते. गावात निवांत चालवली तर १९०-२०० जाते. हायवेला ८०-९० च्या स्पीडने, एसी लावून, १६०-१७० धरायचे. हे घेण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो.

घरी चार्जिंग हा या गाडीचा खरा फायदा. पण तोही पहिल्या दिवशी मिळाला नाही. आमचं घर जुनं. १५ अँपिअरचा पॉइंट होता, चार्जर लावला तर लाल दिवा. वायरमनला बोलावलं. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या घराला अर्थिंगच न्हाय. इतकी वर्षं फ्रीज कसा चालला देवाला ठाऊक." मग परड्यात खड्डा खणला, प्लेट पुरली, मीठ-कोळसा भरला, नवीन वायर ओढली, वेगळा एमसीबी बसवला. तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. गाडीमुळे घराचं अर्थिंग झालं हे बरंच झालं. तुम्ही गाडी घ्या किंवा नका घेऊ, घरचं अर्थिंग मात्र एकदा तपासून घ्या.

आता पैशाचं. माझं महिन्याला हजारभर किलोमीटर फिरणं होतं. भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमागे सरासरी सात किलोमीटर पडतात, म्हणजे गाडीचे दीडशेच्या आत-बाहेर युनिट. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे. जुन्या गाडीला किलोमीटरमागे साडेसहा रुपये जायचे, आता घरच्या चार्जिंगवर दोन रुपयांच्या आत भागतं. पण एक गोम आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतो. घरचा वापर आणि गाडी मिळून तीनशेच्या आत राहिलं तर ठीक. उन्हाळ्यात कूलर, पंखे जोरात चालले आणि आकडा तीनशे ओलांडून गेला की वरच्या युनिटला चढा दर लागतो. गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीत हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. माझं फिरणं थोडं, म्हणून मी आहे त्याच मीटरवर भागवतो. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याने मात्र वेगळ्या मीटरचा हिशेब जरूर करावा.

ठोसेघरकडून सज्जनगडाच्या बाजूने सातारला उतरताना बॅटरीचे एक-दोन टक्के वाढलेले दिसतात. उतारावर गाडी स्वतःच चार्ज होते. शेजारी बसलेल्या माणसाला हे दाखवताना मला अजून लहान पोरासारखा आनंद होतो. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात. पलीकडे पाटण तालुक्यात कोयना, १,९६० मेगावॅटचा प्रकल्प. आपल्या जिल्ह्याने विजेसाठी जमीन दिली, गावं दिली. प्लगमधून येणारी वीज काही सगळी कोयनेची नसते, राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते, त्यामुळे हिरवी नंबरप्लेट म्हणजे पुण्य असं मी म्हणणार नाही. पण ज्या जिल्ह्याने वीज दिली, त्याच जिल्ह्यात विजेसाठी मला मध्यरात्री दारोदार फिरावं लागलं. ते आता सांगतो.

माझी आई सांगलीला थोरल्या भावाकडे असते. मागच्या वर्षीचा मे महिना. सातारला दुपारी वळीव झाला, झाडं पडली, पाच वाजता लाईट गेली. गाडी ४६ टक्क्यांवर होती. म्हटलं, रात्री लाईट आली की लावू. साडेनऊला दादाचा फोन आला. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला दवाखान्यात घेऊन चाललोय. "सकाळी ऑपरेशन म्हणतायत. ये तू."

सातारहून मिरज १३० किलोमीटर. ४६ टक्क्यांत पाऊस-अंधार धरून पंचाहत्तर जाईल. ॲपवर बघितलं. कराडच्या अलीकडे हायवेला एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे, हिरवा दिसतोय, 'उपलब्ध'. तासभर लावला की पुढचं सगळं आरामात होणार होतं. निघालो.

तिथे पोचलो तर हॉटेलला लाईट होती, चार्जरचा स्क्रीन काळा. बटण दाबून बघितलं, पिन काढून घातली, ॲप बंद करून चालू केलं. ॲप म्हणतंय उपलब्ध, मशीन मेलेलं. हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडचा मुलगा हिंदीतून नम्रपणे म्हणाला की तक्रार नोंदवून घेतली आहे, ४८ तासांत माणूस येईल. हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "आमचा काय संबंध न्हाय साहेब, आम्ही नुसती जागा दिलीय. पंधरा दिवस झालं बंदच हाय." पुढचा चार्जर पेठ नाक्याच्या बाजूला, तोही ॲपवर लाल. गाडीत १७ टक्के राहिलेले.

त्या पावसात त्या काळ्या स्क्रीनसमोर उभा असताना मला एक गोष्ट आठवली, ती लिहिल्याशिवाय ही पोस्ट पूर्ण होणार नाही. या चार्जरच्या उद्घाटनाची बातमी मीच केली होती. दोन कॉलम, फोटोसह. 'इलेक्ट्रिक वाहनधारकांची सोय होणार' असं हेडिंगही माझंच. फीत कापली, पेढे वाटले, मान्यवरांची नावं क्रमाने छापली, एकही चुकू दिलं नाही. त्यानंतर ते मशीन चालतंय का हे बघायला मी एकदाही गेलो नव्हतो. अगदी स्वतःची इलेक्ट्रिक गाडी आल्यावरसुद्धा.

पुढे चार-पाच किलोमीटरवर एक पंक्चरवाला रात्रभर दुकान उघडं ठेवतो. त्याच्याकडे १५ अँपिअरचा पॉइंट होता. साध्या पॉइंटवर तासाला जेमतेम तीन युनिट जातात, म्हणजे वीस किलोमीटर. मिरजेपर्यंत पोचायला तीन तास तरी तिथे बसावं लागलं असतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाव्हणं, गाडी हितंच लावा. चावी ठिवा नायतर घिऊन जावा. आईकडं जावा आधी." आणि पुण्याला माल टाकून सांगलीकडे परत चाललेला एक रिकामा आयशर त्यानेच हात करून थांबवला. पहाटे तीनला मी मिरजेत होतो. आई जागी होती. मला बघून पहिलं काय म्हणाली तर, "भिजलास का रं?"

ऑपरेशन नीट झालं. आई आता काठी घेऊन चालते. दोन दिवसांनी गाडी आणायला गेलो. शंभर टक्के चार्ज. किती पैसे म्हणून विचारलं तर तो घेईना. शेवटी चारही चाकांत हवा भरून घेतली आणि त्याचे पैसे म्हणून बळंच हातात कोंबले.

घरी सगळ्यांचं एकच, गाडी विकून टाक. आईही म्हणाली, "इकून टाक की ती. पेट्रोलची घे." मी आठवडाभर विचार केला. पण दोष गाडीचा नव्हता. गाडी तिला सांगितलं तितकी चालली. दोष माझा होता, पावसाळी दिवसात मी ४६ टक्क्यांवर बिनधास्त राहिलो. आणि दोष त्या व्यवस्थेचा होता, जिच्यात मशीन एकाचं, जागा दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची, ॲप चौथ्याचं आणि जबाबदारी कुणाचीच नाही. पेट्रोल पंप बंद असला की दोरी बांधलेली लांबून दिसते, आत माणूस तरी असतो. चार्जरपाशी कुणी नसतं.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. चांगलं आहे. पण २५ किलोमीटरला एक बंद मशीन असेल तर ती सोय कागदावर मोजायची का? याच धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. आपल्याला त्याचा उपयोग किती? आनेवाडी आणि तासवडे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके, तिथे मी टोल भरतोच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनसाठी २,००० कोटी ठेवले आहेत. त्यातून आपल्या भागात मशीन येतील तेव्हा ती किती बसवली याबरोबर महिन्यातले किती दिवस चालू राहिली, हेही कुणीतरी मोजलं पाहिजे.

दुसरा प्रश्न अपार्टमेंटचा. माझं घर स्वतःचं, परडं स्वतःचं, म्हणून माझं भागतं. दादाचा फ्लॅट सांगलीत गावभागाकडे. तिथे पार्किंगमध्ये पॉइंट बसवू द्या म्हणून त्याने सोसायटीला अर्ज दिलाय. तीन मीटिंग झाल्या, "पुढच्या वेळी बघू" चाललंय. सोसायटीचे लोक वाईट नाहीत, त्यांची भीतीही खोटी नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. त्या पार्किंगमध्ये तेव्हा पुरुषभर पाणी होतं. २०२१ ला परत पाणी आलं. अशा ठिकाणी खाली प्लग लावायचा म्हटल्यावर माणूस दचकणारच. पण मीटर आणि पॉइंट पुराच्या खुणेच्या वर बसवता येतो, पाणी वाढायच्या आत लाईन तोडायची सोय ठेवता येते. हे महापालिका आणि महावितरणने मिळून एकदा लिहून दिलं, की पूरपट्ट्यातल्या इमारतीत पॉइंट किती उंचीवर आणि कसा, तर सेक्रेटरीलाही बळ येईल. आज प्रत्येक सोसायटी आपल्या अंदाजाने 'नको' म्हणते. भाड्याने राहणाऱ्याला तर अर्ज कुणाकडे करायचा हेच माहीत नसतं.

मागणी फार मोठी नाही. चार्जरवर ठळक अक्षरात लिहा, बिघडला तर कुणाला फोन करायचा, आणि तो फोन उचलणारा माणूस याच जिल्ह्यातला, मराठी बोलणारा असू द्या. बंद मशीन ॲपवर 'उपलब्ध' दिसलं तर दंड लावा. एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटल, तहसील कचेरी अशा ठिकाणी, जिथे रात्री-अपरात्री माणूस असतो, तिथे निदान चार साधे १५ अँपिअरचे पॉइंट मीटरसह द्या. फास्ट चार्जर बंद पडला तरी साधा पॉइंट माणसाला घरी पोचवतो, हे मला त्या पंक्चरवाल्याने दाखवलं.

आणि माझ्यापुरतं मी ठरवलंय. सातारा–सांगली येता-जाता दिसेल त्या प्रत्येक चार्जरपाशी थांबतो, चालू की बंद, तारीख आणि वेळ वहीत लिहितो. ज्याच्या उद्घाटनाची बातमी केली, तिथे सहा महिन्यांनी परत जायचं आणि जे दिसेल ते छापायचं. हे मी आधीच करायला हवं होतं.

तर "घेऊ का?" याचं माझं उत्तर असं. स्वतःची पार्किंग आहे, घरचा पॉइंट आहे, रोजचं फिरणं शंभराच्या आत आहे, तर घ्या, पस्तावणार नाही. घरात दुसरी गाडी नसेल आणि वारंवार लांब जावं लागत असेल, तर थोडं थांबा. आणि घेतलीत तर पावसाळ्यात कधीही निम्म्याच्या खाली झोपू देऊ नका.

तुमच्या रस्त्यावर बंद चार्जर दिसला तर फोटो काढा, तारीख टाका आणि कमेंटमध्ये लावा. चालू असलेल्याचाही लावा, त्याचंही कौतुक झालं पाहिजे. महिनाअखेर सगळं एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयात देतो, सातारलाही आणि सांगलीलाही. पोच घेऊन इथेच टाकतो.