धोतरावरची माणसं

लेहहून कारगिलच्या रस्त्याला लागलं की निम्मूला झांस्कर नदी सिंधूला मिळते. तिथून पुढे, सस्पोलजवळ पूल ओलांडला की अल्ची. सगळं मिळून पासष्टेक किलोमीटर. लडाखमधल्या दुसऱ्या पोस्टिंगच्या वेळी एका रविवारी मी तिथे गेलो, तो चित्रं बघायला नव्हे. ड्रायव्हरला घरी पाठवायला सुके जर्दाळू घ्यायचे होते. वेळ होता, म्हणून गोंपात शिरलो.

सुमत्सेक म्हणजे तीन मजली देऊळ. बाहेरून लहानसंच दिसतं. आत तीन कोनाड्यांत मातीचे तीन बोधिसत्त्व उभे आहेत, दोन पुरुषांहून उंच. त्यांची डोकी वरच्या मजल्यात गेलेली, म्हणजे खालून चेहरा नीट दिसतच नाही. (सॅल्यूट कुणाला करायचा, हा फौजी प्रश्न मला पडलाच.) फोटो काढायला मनाई. लामाजींनी टॉर्च दिला आणि मी जे समोर होतं ते बघू लागलो. समोर होतं अवलोकितेश्वराचं धोतर.

त्या धोतरावर अख्खं गाव रंगवलेलं आहे. देवळं, वाडे, घोडेस्वार, पूजेला बसलेली माणसं, बोटभर उंचीची. काश्मिरी वळणाच्या चित्रकारांचं हे काम, साधारण आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं. जाणकार सांगतात की ती देवळं काश्मीरमधली असावीत. तशी देवळं आज तिथे उभी नाहीत. इथे मात्र देवाच्या गुडघ्याशी शाबूत आहेत. शेजारी मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र आहे, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध. पण मी पहिल्यापाशीच अडकलो. एका घोडेस्वाराच्या अंगरख्यावरची नक्षीसुद्धा सोडलेली नाही पठ्ठ्यानं!

तिथे मला एक जुनं पोस्टकार्ड आठवलं.

मी कंपनी कमांडर असताना हिमस्खलनात आमचा एक पोरगा गेला. सातारा जिल्ह्यातला. वडिलांना पत्र मीच लिहिलं, मराठीत. खडकवासल्याला आम्हाला अचूक, थोडक्यात आणि स्पष्ट लिहायला शिकवतात. तसंच लिहिलं. कर्तव्य, सर्वोच्च बलिदान, पलटणीला अभिमान. एकही शब्द खोटा नव्हता. महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. आभार, आशीर्वाद आणि शेवटी एक ओळ: साहेब, तो तिथं जेवत काय होता?

उत्तर द्यायला मी तीनदा बसलो. रेशनचं प्रमाण लिहिलं, फाडलं. मग बदली झाली, दुसरी झाली. कार्ड ट्रंकेत राहिलं. लेख, सायटेशन, भाषणं पुष्कळ लिहिली या काळात. सगळ्यांत मी त्या मूर्तीचा चेहराच काढायला बघत होतो, जो खालून मलाही दिसत नव्हता.

परतताना ड्रायव्हर जर्दाळूंचा भाव सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. रात्री बुखारीपाशी बसून कागद घेतला. तीर्थस्वरूप आबांस, साष्टांग नमस्कार. उत्तराला नऊ वर्षं उशीर झाला. तुमच्या घरून आलेली कारळ्याची चटणी वर गोठून दगड व्हायची. तो बरणी रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचा. सकाळी चमच्याच्या दांड्यानं कोरून प्रत्येकाच्या मॅगीवर चिमूटभर टाकायचा, मोजून. मी मेजर असलो तरी मला जास्त मिळायची नाही. अननसाचा टिन त्याला आवडायचा, पण रस दुसऱ्याला देऊन तो फोडी खायचा. उंचीवर भूक मरते. आमची मरायची, त्याची नाही. स्टोव्हच्या काजळीनं नाक काळं झालेलं असायचं आणि तसाच हसायचा.

चार पानं झाली. एवढं मला आठवत होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. आबा आहेत की नाहीत, हेही ठाऊक नव्हतं. पाकिटावर त्यांचंच नाव घातलं आणि सकाळच्या डाकेत टाकलं.