दोघांपैकी एक

नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असले आणि दोघांनाही निवडणुकीची ड्युटी लागली, तर घरी लहान मुलं आहेत म्हणून एकाला सूट मिळू शकते. असा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी तो वापरला. अर्ज दिला, दोघांच्या आदेशांच्या झेरॉक्स जोडल्या, काम झालं. त्याच खिडकीवर, त्याच कारणासाठी मी गेले, तर उत्तर आलं, "मॅडम, तुमची कपल केस नाही."

नाहीच ना! कपल असते तर कशाला आले असते?

माझी फारकत होऊन बरीच वर्षं झाली, ते सगळं सांगत बसत नाही. या अर्जाच्या वेळी मुलगी सहावीत होती, मुलगा दुसरीत. नागपुरातल्या लकडगंजात लाकडाच्या टालीमागे भाड्याच्या दोन खोल्या, खाली घरमालकीण, गुजराती. तिला सगळे बा म्हणतात. दिवसभर आरा मशीन चालू, खिडकीत भुसा. शाळा अनुदानित, पहिली ते चौथी. सकाळी डबे, शाळेत वर्ग आणि खिचडीचा हिशेब, रात्री मुलं झोपली की ऑनलाइन माहिती भरणं. हे सगळ्याच मास्तरणींचं असतं.

तर लोकसभेची निवडणूक. नागपूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिल २०२४ ला. आदेश आला, खाली लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ ची आठवण, म्हणजे ड्युटी टाळली तर कारवाई. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे रजिस्टर आणि शाई. मतदान सातला सुरू, पण त्याच्या दीड तास आधी मॉक पोल, त्यात किमान पन्नास मतं टाकून दाखवायची. म्हणजे पहाटे पाचला केंद्रावर हजर. आणि केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

अर्जात मी स्वच्छ लिहिलं होतं. एकल पालक, दोन अज्ञान मुलं, घरी दुसरं कोणी नाही. बाबूंनी कागद उलटून मागची बाजू बघितली.

"पतीचा मृत्यू दाखला?"

"पती आहेत."

"मग?"

"माझे नाहीत आता." मी कोर्टाच्या हुकुमाची झेरॉक्स पुढे सरकवली.

ती त्यांनी वाचली नाही. म्हणाले, मृत्यू दाखला असता तर साहेबांपुढे ठेवता आलं असतं. रांगेत मागे दोन गुरुजी उभे होते. ते हसले असते तर बरं झालं असतं. दोघांनी खाली बघितलं, तेच जास्त लागलं. मी हट्टानं साहेबांपर्यंत गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, पंखा माझ्याकडे वळवला, पाणी मागवलं. मग विचारलं, आई-वडील? भाऊ? शेजारी? आणि म्हणाले, "कोणी ना कोणी तर असंनच ना मॅडम. रात्री तर घरी झोपाले जाणारच आहे तुम्ही."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. माझ्या सहकारी मॅडमना कोणी विचारलं का, शेजारी कोण राहतं म्हणून? त्यांची सासू घरात आहे, दीर-जाऊ वरच्या मजल्यावर. ते कुणी विचारायचं कारणच नव्हतं, नियमात बसत होतं. माझ्या बाबतीत मात्र नियम नव्हता, म्हणून गल्लीतल्या माणसांची हजेरी घेतली गेली. मुलांजवळ एक मोठं माणूस हवं, हे तर नियमानं मान्यच केलंय ना? मग जिथे मोठं माणूसच एक आहे, तिथे ते आधी मान्य व्हायला नको? हे मी तिथे बोलले नाही, बाहेर गाडी काढताना सुचलं. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं होतं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लागणार. स्टाफरूममध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. नावात आई बसली, अर्जात कधी बसेल?

मतदानाच्या आदल्या दिवशी भर उन्हात साहित्यवाटप. घरी यायला रात्र झाली. पहाटे चारला निघाले. मेट्रो आमच्या भागातून जाते, पण त्या वेळी कुठली मेट्रो? गाडीच काढली. बाने जिन्याचं दार उघडं ठेवलं होतं.

आणि आता खरं सांगते, तो दिवस मला आवडला. डाव्या हाताची तर्जनी, नखापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, पुढचा माणूस. तिशीतले पोट्टे बोट पुढे करताना लाजत होते, म्हाताऱ्या बायका शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होत्या. दुसऱ्या कुणीतरी केलेली पुरी-भाजी खाल्ली. दिवसभर मोठ्या माणसांशी बोलले, कुणाचा डबा नाही, कुणाचं दप्तर नाही. मशीन जमा करून घरी पोचले तेव्हा रस्ता निजला होता.

मुलीनं भावाला आंघोळ घातली होती, वरण-भाताचा कुकर लावला होता, त्याच्याकडून पाढे म्हणून घेतले होते. बा दोनदा वर येऊन गेली होती. शाळेत सगळे म्हणाले, पाहा, बिघडलं का काही? नाही बिघडलं. साहेबांचंच खरं झालं, कोणी तरी होतं. सहावीतली पोरगी होती. दोघांपैकी एक ती झाली.

त्याच वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. पुन्हा आदेश, पुन्हा अर्ज. या वेळी संघटनेतल्या एका गुरुजींची ओळख निघाली आणि माझं नाव वगळलं गेलं. कारण कुठेही लिहिलेलं नाही. मी सूट घेतली, का नाही घेणार? पण त्या दिवशी मतदान करून घरी बसले, तर चिडचिडच होत होती. हक्कानं मागितलं तेव्हा मिळालं नाही, ओळखीनं मागितलं तर दुपारपर्यंत फोन.

सरकारला एकटा पालक सुचतच नाही असं नाही. २०१८ च्या बालसंगोपन रजेच्या निर्णयात महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस आहेत, आणि पत्नी वारली असेल तर पुरुषालाही. तिथे कुणीतरी विचार केला होता. निवडणुकीचं काम शिक्षकांना नकोच, असंही मी म्हणत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणूक, जनगणना, आपत्ती, तिन्ही आहेत. निवडणुकीसाठी कर्मचाऱ्यांची माहिती मागवता, त्या तक्त्यात 'एकल पालक' असा एक रकाना वाढवा, एवढंच.

तोवर माझ्यासारख्या बायांनी काय करावं? अर्ज आदेश हातात पडला त्याच दिवशी द्यावा, निवडणुकीच्या दुसऱ्या प्रशिक्षणानंतर कुणी ऐकत नाही. कोर्टाचा हुकूम, मुलांचे जन्मदाखले आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडावं. पोच घ्यावी, शिक्क्यासकट. आणि शेजारी कोण राहतं असं विचारलं, तर उत्तर देऊ नये.