वळणावळणाची वाट

पावसाळा लागला की भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कित्येक मोबाईलच्या स्टेटसवर एकच फोटो दिसू लागतो. लोहगडाच्या वरच्या तटावरून खाली बघत काढलेला. हिरव्या उतारावर काळी तटबंदी, तिच्या कुशीतून वळत वर येणाऱ्या पायऱ्या, आणि त्यांवर रेनकोटांचे लाल-पिवळे ठिपके. कितीदाही पाहिलेला असो, माझा अंगठा तिथे थांबतोच.

एमआयडीसीत दिवस काढणाऱ्याला हा फोटो जरा जास्तच भिडतो असं मला वाटतं. आमचे रस्ते फूटपट्टीने आखलेले. सरळ रस्त्यावर नजर क्षणात टोकाला पोचते आणि कंटेनरच्या रांगेवर आदळते. लोहगडाच्या फोटोत मात्र नजरेला पायरी-पायरीने चालावं लागतं. बुरुजाआड वाट दडते, पलीकडून पुन्हा वर निघते. मधला दडलेला तुकडा आपण मनानेच चालून घेतो, आणि तिथेच आपण फोटोत शिरलेले असतो.

यातलं एकही वळण शोभेसाठी घातलेलं नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही चार दारं अशी दडवली आहेत की हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळू नये, आणि वर येणारा शत्रू प्रत्येक वळणावर तटाच्या माऱ्यात सापडावा.

घाटातल्या वळणांचं कारण निराळं. तिथे चढ सोसवेल इतका करायचा असतो. बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला १८३० साली. १८६३ मध्ये रेल्वे चढली, तेव्हा सर्वांत कडक चढ ३७ फुटांना एक फूट होता. म्हणजे शंभर फूट उंची गाठायची तर ३७०० फूट धावायचं. कड्याला तेवढी सरळ जागा कुठली? म्हणून खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूला लावून, उलट दिशेने पुढे काढावी लागे. डोंगराशी अशी घासाघीस करूनच माणूस वर पोचला आहे, आणि ती घासाघीसच आपल्याला फोटोत सुंदर दिसते.

चढणाऱ्याला मात्र यातलं काही दिसत नाही. मळवलीला लोकलमधून उतरून, भाजे गाव मागे टाकून गडाला लागलं की डोळ्यांसमोर फक्त पुढचं वळण असतं. ओला कातळ, पुढच्याच्या चिखलाने माखलेल्या टाचा, चिऱ्यांच्या सांध्यातून डोकावणारं नेचं. वर जाऊन मागे पाहावं, तेव्हा कुठे तुकड्यातुकड्याने चाललेली वाट अखंड होते. तो फोटो नेहमी चढून गेलेल्याचाच असतो. ड्रोनच्या फोटोत आकृती सुबक येते, पण त्यात धाप लागलेलं कुणी नसतं. मला तो म्हणूनच परका वाटतो.

जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता सोयींच्या मागण्या येतील, काही रास्तही असतील. एक्स्प्रेस वेवर घाटाला बगल देणारे बोगदे हवेतच. रात्री भरलेला कंटेनर घेऊन बोरघाट उतरणाऱ्या ड्रायव्हरने वळणांचं कौतुक करावं, असं मी म्हणणार नाही. पण लोहगडाची वाट कुणी सोयीसाठी सरळ करू म्हणालं, तर त्याला मी गणेश दरवाजातच अडवीन.