बालवाडीतली कन्नड

मल्लेश्वरम, बेंगळुरू

चि. छकुली,


तू पुढच्या महिन्यात इथे येते आहेस, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांच्या बालवाडीत रुजू होते आहेस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. कन्नड शिकायचं पुस्तक आणून तू रोज धडे पाठ करते आहेस, हेही कळलं. त्या पुस्तकाबद्दलच लिहायला बसले आहे. या शहरात इतकी वर्षं लहान मुलांमध्ये घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय की असली पुस्तकं प्रवाशासाठी असतात. बस कुठे थांबते, खोलीचं भाडं किती, टोमॅटो कसे दिले. तुझ्यासमोर येणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला यातलं एकही वाक्य लागायचं नाही.

त्याला पाणी हवं असतं, शू लागलेली असते, पोट दुखत असतं, शेजारच्यानं चिमटा काढलेला असतो, आणि आई कधी येणार हे विचारायचं असतं. तुझी पहिली कन्नड इथली. ‘नीरु बेका?’ म्हणजे पाणी हवंय का. ‘एनाय्तु, पुट्टा?’ म्हणजे काय झालं, बाळा. ‘अम्मा बर्तारे’, आई येईल. ‘होट्टे नोवु’, पोटदुखी. शूसाठी ‘ओंदक्के’ आणि शीसाठी ‘एरडक्के’, म्हणजे एकाला आणि दोनाला. हे शब्द बोलता येण्याच्या कितीतरी आधी ऐकता आले पाहिजेत, तेही रडण्यातून, अर्ध्या उच्चारातून, नाक वाहत असताना. मूल दुखतंय म्हणून सांगतंय आणि बाईला ते कळत नाही, अशी बालवाडी सुरक्षित नाही. मग भिंती कितीही रंगवलेल्या असोत.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नसते. पुस्तकातली कन्नड म्हैसूर-बेंगळुरूकडची असते. बांधकामावर येणारी बरीच कुटुंबं यादगीर, रायचूर, कलबुर्गीकडची. त्यांची मुलं आईला ‘अव्वा’ म्हणतात, नको म्हणताना ‘ब्याड’ म्हणतात, इथला ‘बेड’ नाही. इथलं ‘मने’ त्यांच्या तोंडी ‘मनी’ होतं, ‘होट्टे’चं ‘होट्टी’ होतं. तू गडहिंग्लजकडची. हा उच्चार बाजारात तुझ्या कानावर पडलेला आहे, आणि इथे जन्मलेल्या शिक्षिकेपेक्षा तुला तो लवकर उमगेल. त्या मुलांना कुणी ‘शुद्ध बोल’ म्हणून टोकलं तर तू मध्ये पड. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं दुरुस्त करायचं नसतं, त्याला उत्तर द्यायचं असतं.

क्रियापदांची लांबलचक रूपं आता बाजूला ठेव. बा, कूत्को, नोडु, केळु, तगो, कोडु, ताळु. ये, बस, बघ, ऐक, घे, दे, थांब. एवढ्यावर सकाळ निघते. ‘बेड’ जोडलं की नकार तयार होतो: अळबेड, रडू नको, ओडबेड, पळू नको, होडीबेड, मारू नको. ते फार सोपं आहे, म्हणून नव्या शिक्षिकेच्या तोंडात तेवढंच बसतं आणि दिवसभर मुलांना नुसतं नको-नको ऐकू येतं. तू त्याच वेळी ‘मेल्लगे’ शिक, हळू. ‘नानु इद्दीनि’ शिक, मी आहे ना. रडणाऱ्या मुलाला ‘अळबेड’पेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

आयांशी मात्र वेगळं बोलायचं. मुलाला ‘बा’, पण त्याच्या आईला ‘बन्नि’. मुलाला ‘कूत्को’, आईला ‘कूत्कोळ्ळि’. ती सिमेंटनं माखलेल्या साडीत दारात उभी असते, तिला दिवसभर मुकादम एकेरीत हाका मारतो. तुझ्याकडून तिला आदरार्थीच ऐकू आलं पाहिजे. या एका बाबतीत व्याकरण चुकवू नकोस. मुलाला ताप आला होता का, त्याची झोप झाली का, एवढं सकाळी तिला विचार: ‘ज्वर बंदित्ता?’, ‘निद्दे बंता?’ लसीकरणाची नोंद असलेल्या पुस्तिकेला इथे सगळे ‘तायि कार्ड’ म्हणतात. ते दाखवा म्हणायला शीक, आणि त्यासाठी लिपीही शीक. लिपी दुय्यम आहे असं तुला कुणी सांगेल, ते ऐकू नकोस. हजेरीपट, आरोग्यसेविकेनं लिहून ठेवलेली चिठ्ठी, सगळं कन्नडमध्ये असतं.

आता तुला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ते सांगते. तुझ्या वर्गात तेलुगू, ओडिया, बंगाली बोलणारीही मुलं येतील. त्यांना कन्नड तुझ्याइतकीच परकी. प्रत्येक मूल दाखल होताना एक कार्ड कर. त्यावर त्याचे घरातले शब्द आईला विचारून लिही: पाणी, शू, झोप, दुखणं, आईला मारायची हाक, घरी त्याला काय म्हणतात, कुठल्या फडक्याशिवाय तो झोपत नाही. उच्चार देवनागरीत लिही, तुला लगेच वाचता येईल. कार्ड दारामागे लाव, म्हणजे तू रजेवर असलीस तरी दुसऱ्या बाईला उपयोग होईल. मुलाच्या तोंडचा एक शब्द बाईच्या तोंडून आला की त्याचं अंग सैल पडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

अशी भाषा शिकणारी तू काही पहिली नाहीस. ताराबाई मोडक जन्मानं मुंबईच्या, मराठी. 1923 च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कामात गेल्या आणि तिथलं सगळं काम त्यांनी गुजरातीत केलं. ‘शिक्षण पत्रिका’ही त्या काळात गुजरातीत चालवली. पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या चालवल्या, तेव्हा त्यांच्यासमोर वारली बोलणारी मुलं होती. ज्या अंगणात मूल खेळतं तिथेच शिक्षिकेनं जाऊन बसायचं, असा तो विचार. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली. त्यांतलं कर्नाटकातलं ठिकाण म्हैसूर जिल्ह्यातलं टी. नरसीपूर, आणि तिथली केंद्रंही अंगणवाडीच म्हटली गेली. तू ज्या राज्यात येते आहेस तिथल्या मुलांच्या शाळेला आपल्याकडच्या बायकांनी रुजवलेलं नाव आहे. कन्नड शिकताना परक्या घरी आल्यासारखं वाटून घेऊ नकोस.

कामापुरती भाषा वेगळी शिकायची, हे काही माझ्याच डोक्यातलं नाही. फिनलंडमध्ये परदेशातून आलेल्या बालशिक्षिकांना कामाच्या जागेची फिनिश वेगळी शिकवतात. बर्फात मुलांना बाहेर न्यायचं म्हणजे आधी कपड्यांचे शब्द हवेत, पालकांशी बोलायला निराळी वाक्यं. तिथे तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे आणि त्यावरच्या सात मुलांमागे एक प्रशिक्षित माणूस असावं असा नियम आहे. आपल्याकडे एवढी माणसं नाहीत, एका बाईपुढे खूप मुलं असतात. म्हणूनच आपल्याला भाषा अधिक चांगली यायला हवी. दहा जण एकदम रडायला लागल्यावर विचार करत शब्द शोधायला वेळ मिळत नाही.

गाणी मात्र पाठ कर, अर्थ नंतर कळला तरी चालेल. जी. पी. राजरत्नम यांची ‘नायीमरी’ आणि ‘तुत्तूरी’ इथे बहुतेक प्रत्येक घरात म्हणतात. पंजे मंगेशराव यांचं ‘हाविन हाडु’ शिक. मंगेशरावांची मायबोली कोकणी होती, तरी कन्नड मुलांची कितीतरी गाणी त्यांनी लिहिली. ‘ळ’ आणि ‘ण’ आपल्या जिभेवर आधीपासून आहेतच, गाण्यानं लयही पटकन बसते. ऱ्हस्व-दीर्घाकडे आणि जोडाक्षरांवरच्या जोराकडे तेवढं लक्ष दे.

शिकवणी कुणाची लावायची, असं तू आईला विचारलंस म्हणे. बालवाडीतल्या मदतनीस बाई, मुलं त्यांना आयम्मा म्हणतात, त्याच तुझ्या गुरू. जेवण वाढताना, हात धुताना, झोपवताना त्या काय बोलतात ते ऐक आणि त्यांच्याच स्वरात मोठ्यानं म्हण. त्यांना ‘तुम्ही’ म्हण, आणि आपण त्यांच्याकडून शिकतो हे संस्थेच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांग. त्यांचा पगार तुझ्याहून कमी असेल, पण या कामातली भाषा त्यांच्याकडेच आहे.

येताना त्या पुस्तकाऐवजी जाड पुठ्ठ्याची कोरी कार्डं आण. इथे आल्यावर पहिल्या रविवारी माझ्याकडे ये, या पत्रातली सगळी वाक्यं आपण मोठ्यानं म्हणून बघू. आईला नमस्कार सांग.

तुझी
मावशी