कोपऱ्यातली अक्षरे

नव्या कॅमेऱ्याने टिपलेले पहिले छायाचित्र सहसा कोणाला दाखवण्यासाठी नसते. खोके उघडून, बॅटरी चार्ज करून आणि भिंग, म्हणजे लेन्स, जागेवर बसवून झाले की हाताशी जे असेल त्याच्यावर कॅमेरा रोखला जातो, आणि हाताशी असलेल्या गोष्टी बहुतेक घरांत सारख्याच असतात: खिडकीचे गज, कुंडीतली तुळस, पुस्तकांचे कपाट, पलंगावर अंग पसरून झोपलेले मांजर. या चित्रांना विषय नसतो आणि ती पुसून टाकताना कोणाला हळहळही वाटत नाही. तरीही छायाचित्रणाच्या इतिहासाच्या अगदी उंबरठ्यावर असेच एक चित्र उभे आहे, कारण कॅमेऱ्याने घेतलेले आणि आजवर टिकलेले सर्वांत जुने छायाचित्र, जे फ्रान्समधील निसेफोर न्येप्सने १८२६-२७च्या सुमारास घेतले, ते त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींचे आणि छपरांचे आहे. न्येप्सला छपरांचे कौतुक होते असे मानण्याचे कारण नाही. रोज दिसणारी ती छपरे धातूच्या पत्र्यावर उमटतात की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

मराठीत या व्यवहारासाठी तीन शब्द शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यातला फरक पाहण्यासारखा आहे. कसोटी हा मूळचा एक दगड आहे, संस्कृतातील कषपट्टिका. सोनार या काळ्या गुळगुळीत दगडावर गिऱ्हाइकाच्या दागिन्याची रेघ ओढतो, तिच्या शेजारी ज्याचा कस आधीच माहीत आहे अशा सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींचा रंग ताडून पाहतो. पारख दगडात नसते, ती माणसात असते, म्हणून पारखी माणूस असतो पण कसोटी माणूस असत नाही. चाचणी हा त्या मानाने कचेरीतला, कारखान्यातला आणि शाळेतला शब्द. तिला तक्ता लागतो, आकडे लागतात, शेवटी शेरा लागतो. तिन्हींमध्ये एक गोष्ट मात्र समान आहे, ती म्हणजे अनोळखी वस्तूच्या परीक्षेला ओळखीची वस्तू लागते. शेजारची रेघ नसेल तर दगड मुका आहे. नव्या कॅमेऱ्यासमोर तुळस येते ती याच कारणाने. तिचा हिरवा रंग घरच्यांना पाठ असतो, म्हणून चित्रातला हिरवा खोटा वाटला तर दोष कोणाचा हे लगेच समजते.

उन्हाळा सुरू झाला की पुण्यात कसबा पेठेतील कुंभारवाड्याच्या बाजूला माठ घेणाऱ्यांची वर्दळ वाढते, आणि तेथे ही परीक्षा जवळून पाहता येते. माठ डाव्या तळव्यावर तोलला जातो, उजव्या हाताने त्याच्या पोटावर टिचकी मारली जाते आणि कान किंचित खाली झुकतो. भाजणी नीट झालेला, अखंड माठ खणखणीत वाजतो, कारण सगळी भिंत एकसंध थरथरते. केसाएवढी चीर असली तरी ती थरथर चिरेपाशी तुटते आणि आवाज बद्द येतो. हे स्पष्टीकरण टिचकी मारणाऱ्या बाईंना कोणी विचारले तर त्या कदाचित देणार नाहीत, मात्र त्यांच्या कानात मागच्या कित्येक उन्हाळ्यांचे माठ साठलेले असतात आणि नवा माठ त्या साठ्याशी ताडला जातो. नारळ कानाशी हलवून पाहणे, हापूसचा वास देठापाशी घेणे, शितावरून भाताची परीक्षा करणे, ही सगळी याच कुळातली. भेंडीचे शेंडे मोडून पाहण्याची पद्धत मात्र वेगळ्या वर्गात घालावी लागेल, कारण तीत परीक्षा पास झालेला नमुनाही कामातून जातो; अभियंते ज्याला विध्वंसक चाचणी म्हणतात ती हीच, आणि भाजीवाल्याचा तिच्यावरचा राग शास्त्रशुद्ध आहे असे म्हणावे लागते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत पुण्यातल्या हौशी माणसांनी शहरच कसोटीच्या दगडासारखे वापरून घेतले आहे. भिंग सरळ रेषा सरळ ठेवते की मध्यभागी पिंपासारखी फुगवते, हे पाहायला विटांची भिंत लागते, आणि शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड व वर विटांचे थर असल्याने आडव्या रेषांना तेथे तोटा नाही. प्रखर उजेडासमोरच्या काळ्या कडांना जांभळी किनार येते, कारण भिंगातून निरनिराळे रंग किंचित निरनिराळ्या जागी एकवटतात. ती किनार तपासायला फेब्रुवारीत वेताळ टेकडीवरची पानगळ झालेली झाडे आणि त्यांच्यामागचे पांढुरके आकाश पुरते. लांब पल्ल्याचे भिंग घेतलेला माणूस एखाद्या रविवारी पहाटे सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला जातो आणि मुळा-मुठेच्या पात्रात उभ्या असलेल्या शेकाट्यावर नेम धरतो, कारण त्या पक्ष्याचे लालसर पाय इतके काटकुळे असतात की फोकस, म्हणजे प्रतिमेची स्पष्टता, केसभर चुकली तरी पाय पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. कवडीपाटच्या पाण्याचा वास मात्र कोणत्याही भिंगाला टिपता येत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. गमतीचा भाग असा की याच भिंगाचे तक्ते, आलेख आणि दुसऱ्यांनी केलेल्या परीक्षणांचे निष्कर्ष खरेदीपूर्वी तोंडपाठ झालेले असतात, आणि तरीही खोके उघडल्यावर खिडकीचे गज टिपल्याशिवाय चैन पडत नाही.

या सवयीला महाराष्ट्रात मोठा पूर्वज आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेथून त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र आणि छपाईची सामग्री मागवली, आणि परतल्यावर ही सामग्री मुंबईत पोहोचताच सोबतच्या आराखड्याच्या आधाराने ती जुळवली. त्या काळी कोरी फिल्म भोके न पाडता येई, आणि कॅमेऱ्यातील दाते ज्या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकवतात ती भोके अंधारात, हातांच्या अंदाजाने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. त्यानंतर कॅमेरा आणि प्रक्षेपक, म्हणजे पडद्यावर चित्र टाकणारे यंत्र, ही दोन्ही चालतात की नाही हे पाहण्यासाठी फाळक्यांनी जे चित्रण केले ते घरातल्या मुलांचे आणि माणसांचे होते. पुढे वर्षभरात ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या माणसाचीही पहिली झेप अंगणापलीकडे गेली नव्हती, आणि ती जाण्याची गरजही नव्हती, कारण आपले मूल कसे पळते हे बापाला ठाऊक असते आणि पडद्यावर ते तसेच पळाले तर यंत्र खरे.

भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी जे दुसरे चित्रण केले ते अधिक प्रसिद्ध आहे. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा समोर रोवून, महिन्याहून अधिक काळ त्यांनी त्याचे टप्पे टिपले आणि मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांच्यासारख्यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. फाळके रोज एक चौकट, म्हणजे फिल्मवरचे एक सुटे चित्र, टिपत असे अनेकदा सांगितले जाते, पण हिशेब जुळत नाही. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९६० चौकटी लागतात. रोज एक या गतीने महिन्यात जेमतेम दोन सेकंद जमले असते. म्हणजे रोज तीसेक चौकटी तरी टिपाव्या लागल्या असणार, आणि तेवढे दिवस कुंडी, तिपाई आणि उजेड यांची जागा हलू न देण्याचा खटाटोप घरातल्या सगळ्यांनी सांभाळला असणार. मुलांच्या घरात हे सोपे नव्हते.

वाटाण्याची निवड मात्र विचार करायला लावते. वाटाणा उगवतो हे सावकारालाही माहीत होते, पण उगवताना तो कोणी पाहिलेला नव्हता. पडद्यावर एखादा अद्भुत प्राणी नाचला असता तर यंत्र खरे बोलते की थाप मारते, हे ठरवायला प्रेक्षकाकडे काही साधन नव्हते. वाटाण्याच्या बाबतीत त्याच्या मनात बी, अंकुर आणि वेल ही तिन्ही टोके आधीच पक्की होती, मधली हालचाल तेवढी नवी होती. शेजारी ज्ञात सोन्याची रेघ होती म्हणून नव्या रेघेला भाव आला. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज उरले आहेत, ते जमवण्यात पी. के. नायर यांचा मोठा वाटा आहे आणि ते १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावर, जतन केलेले आहेत.

त्या रस्त्याच्या टोकाकडची जागाही या विषयाला अपरिचित नाही. ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि १९६० पासून जेथे फिल्म संस्था आहे त्या स्टुडिओतील तिचा पहिला चित्रपट १९३४चा ‘अमृतमंथन’. व्ही. शांताराम यांनी त्यात टेलिफोटो लेन्स, म्हणजे दूरचे जवळ ओढणारे भिंग, वापरली आणि राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दाखवला. भारतीय चित्रपटात अशा भिंगाचा हा पहिला वापर मानला जातो. नव्या भिंगासमोर शांतारामांनी देऊळ, डोंगर, सैन्य काही ठेवले नाही. डोळा प्रत्येक प्रेक्षकाच्या घरी, खरे तर स्वतःच्या चेहऱ्यावरच, होता.

ओळखीची वस्तू जेथे मिळतच नाही तेथे ती मुद्दाम तयार करावी लागते. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातील संवेदक, म्हणजे प्रकाश मोजणारी चकती, सर्वत्र सारखी तल्लख नसते, तिच्यावर धुळीचे कण आणि भिंगाच्या सावल्याही असतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ सूर्यास्तानंतरच्या एकसारख्या उजळ आकाशाचे चित्र घेतात आणि त्यात जे डाग दिसतील ते यंत्राचे समजून रात्रीच्या ताऱ्यांच्या चित्रांना त्या चित्राने भागतात. काहीच नसलेल्या आकाशाचे चित्र नीट सांभाळून ठेवावे लागते, ही कल्पना ऐकणाऱ्याला आधी विनोदी वाटते. पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली ज्या सूर्यदर्शी दुर्बिणीची उभारणी झाली, ती ‘सूट’ या नावाची दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ यानातून गेली, २० नोव्हेंबरला सुरू करण्यात आली आणि ६ डिसेंबरला तिने पहिली चित्रे टिपली, ज्यांना या क्षेत्रात ‘प्रथम प्रकाश’ म्हणतात. अकरा गाळण्यांतून, २०० ते ४०० नॅनोमीटर या अतिनील पट्ट्यात आणि त्याच्या काठावर, तिने सूर्यबिंब पाहिले. अतिनील किरणांचा मोठा भाग पृथ्वीचे वातावरण अडवते, तेव्हा हा सूर्य गच्चीवरून दिसणारा नव्हता. तरीही पहिले चित्र उघडणाऱ्यांनी आधी गोलाकार कड, मग डाग आणि मग बाकीचे पाहिले असेल, असे मानायला हरकत नाही.

घरगुती परीक्षांपैकी वर्तमानपत्राची परीक्षा सर्वांत रुक्ष आणि म्हणूनच सर्वांत विश्वासाची. भिंग मध्यभागी जितके स्पष्ट असते तितके कोपऱ्यांत नसते, आणि बारीक छापील अक्षरे ही उणीव ताबडतोब उघड करतात. त्यासाठी सकाळचा अंक उघडून भिंतीला चिकटवायचा असतो. चिकटपट्टी सापडत नाही, पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडते, मग घरातल्या कोणाला तरी कोपरा धरून उभे केले जाते. चित्र संगणकावर मोठे करून तपासणारा थेट खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो, अक्षरांच्या कडा पाहतो, छिद्रमान दोन पायऱ्या कमी केल्यावर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे भोक लहान केल्यावर, त्या किती सुधारल्या हे पाहतो, आणि काय छापले आहे ते वाचत नाही. चित्र पुसायचे राहून जाते. काही वर्षांनी जुन्या फाइली चाळताना ते पुन्हा उघडले जाते तेव्हा तो कॅमेरा विकून झालेला असतो, भिंगाची चौकशी कोणी करत नाही, आणि कोपऱ्यातली अक्षरे प्रथमच वाचली जातात: दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने. त्या सूचनेच्या वर, कागदाच्या कडेवर, एक अंगठा आहे. नखाजवळ विळीवर कापल्याची जुनी खूण आहे, पेरावर हळदीचा पिवळा डाग आहे, आणि भिंग कोपऱ्यात कमजोर असूनही त्या अंगठ्याच्या रेषा मोजता येतात.